कोनी बांधं?

परवा जळगावात दाणा बाजाराजवळ माझी रिक्षा गर्दीत अडकली. समोर एक जुनं दोन मजली दुकान होतं आणि त्याच्यावर मालकाच्या नावाची भलीमोठी पाटी. मी एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठ्यानं ती पाटी झाकली आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या बघत बसले. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. बाईच्या डोळ्यात काही गेलंय का, असं त्याला वाटलं असेल.

ही खोड मला अहिरे नानांनी लावली. वीस वर्षं झाली, ती सुटलेली नाही.

धुळ्याला चार नंबरच्या गल्लीत एका आर्किटेक्टचं ऑफिस होतं. जळगावच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. नाना तिथले मुख्य ड्राफ्ट्समन. वय पंचावन्नच्या आसपास. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात दोन पेन्सिली आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की त्या ब्लेडनं ते ती इतकी हलक्या हातानं खरवडून काढत, की कागदाला चूक झाल्याचं कळतच नसे. ऑफिसात कॉम्प्युटर आले होते. नाना मात्र खिडकीजवळच्या आपल्या तिरक्या टेबलावरच काम करत आणि साहेबही त्यांना काही म्हणत नसत.

पहिल्या दिवशी दुपारी मी डबा उघडला तर नानांनी माझ्यासमोर एक फोटो ठेवला. एका भिंतीचा कोपरा होता, बाकी काही नाही. पोस्टकार्डाएवढा फोटो, त्याचा वरचा भाग त्यांनी आपल्या पंजाखाली झाकलेला.

"सांगा पाटील ताई," ते म्हणाले, "हाई कोनी बांधं?"

नाना ऑफिसात आमच्यासारखंच बोलत, पण हे कोणी बांधलं, हा प्रश्न ते नेहमी अहिराणीतच विचारत. मी गोंधळले. कुठली इमारत आहे हेच मला कळलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा अनिल हसून म्हणाला, हा नानांचा खेळ आहे, रोज जेवताना चालतो. जागा ओळखली तर एक गुण, नकाशा कोणी काढला ते सांगितलं तर दोन. मिस्त्रीचं नाव सांगितलं तर चार. मालकाच्या नावाला शून्य.

"मालकाचं नाव पाटीवर असतं," नाना म्हणाले. "ज्याला वाचता येतं त्याला ते सांगता येतं. त्यात ओळखलं काय?"

तो कोपरा मला ओळखता आला नाही. मग त्यांनी पंजा उचलला. दोंडाईच्याच्या मार्केट यार्डातलं एक गोदाम होतं. भिंतीची धार गुडघ्यापासून डोक्यापर्यंत गोल केलेली होती. त्याच्या वर आणि खाली पुन्हा नेहमीसारखी काटकोनी, टोकदार. मी विचारलं, अर्धीच का गोल केली?

नानांनी भाकरीचा घास खाली ठेवला. म्हणाले, "माझे वडील त्या यार्डात पोती वाहायचे. जुन्या गोदामातून वळताना पाठीवर पोतं असलं की दंड भिंतीला घासायचा. रोज सोललेला. आई रात्री हळद लावायची. हे गोदाम झाल्यावर हळद लावणं बंद झालं. नकाशात असं काही नव्हतं. इस्माईल मिस्त्रीनं हमालांना उभं केलं, खांदे कुठे येतात ते बघितलं, आणि तेवढी धार मारली."

एवढं बोलून ते पुन्हा जेवायला लागले. माझी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी हातातच राहिली होती.

त्यांच्याकडे असे चारेकशे फोटो होते. भाचा सुरतेला होता, त्यानं त्यांना एक छोटा काळा कॅमेरा आणून दिला होता. त्यात फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची. साइटवर गेले की, बहिणीकडे गेले की, लग्नाला गेले तरी तो बरोबर असे. कुठल्याही इमारतीत ते समोरून शिरत नसत. आधी मागे जात. मोरी कुठे आहे, जिन्याखाली काय ठेवलंय, पाणी कुठून वाहतं, हे बघून मग पुढे येत. पुढून सगळ्याच इमारती आंघोळ करून उभ्या असतात, असं म्हणत. भिंतीला हात लावायचा तर तो उलटा, ताप बघतात तसा. आणि एखादं काम आवडलं तरी सुंदर हा शब्द त्यांच्या तोंडून येत नसे. त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे, "विचारून बांधलंय." कोणाला विचारून, ते सांगत नसत. ते आपण ओळखायचं.

फोटो काढताना मात्र एका बाबतीत ते फार हट्टी होते. चौकटीत माणूस चालत नसे. "जरा सरका हो, भाऊ. अक्का, तुम्हीपण." सगळे बाजूला होईपर्यंत ते थांबत. एकदा पारोळ्याला एका धर्मशाळेच्या जिन्यासाठी पाऊण तास थांबले होते, कारण वरच्या पायरीवर एक म्हातारी पाय मोकळे करून बसली होती आणि तिला उठवणं त्यांना बरं वाटेना. जिन्यावर माणूस आला की बघणारा माणसाकडे बघतो, जिन्याकडे नाही, असं त्यांचं म्हणणं.

साहेबांचा भाचा पुण्याला आर्किटेक्चर शिकत होता. सुट्टीत आला तेव्हा नानांच्या खेळाची त्याला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी तो जगातल्या नावाजलेल्या इमारतींचं एक जाड पुस्तक घेऊन आला आणि नावं झाकून नानांना एकेक चित्र दाखवायला लागला. नानांना एकही नाव माहीत नव्हतं. ते तसं सांगत, आणि तरी प्रत्येक चित्राकडे बराच वेळ बघत. एका पांढऱ्या, लांबट घरापाशी थांबून म्हणाले, "नाव नाही येत. पण ज्याच्यासाठी बांधलं तो एकटा राहत असणार. स्वयंपाकघर बघ. दोन बाया उभ्या राहायला जागा नाही." मुलानं पान उलटून वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मग नानांनी आपल्या पाकिटातून एक फोटो काढून त्याच्यासमोर ठेवला. मागची भिंत, एक न्हाणीघर, वर गेलेला लोखंडी जिना. त्याला ओळखता येईना. ते त्याच्या मामाचं, म्हणजे आमच्या साहेबांचंच घर होतं. दर सुट्टीत तो तिथेच राहायचा.

इस्माईल मिस्त्री महिन्यातून एकदा नकाशे न्यायला ऑफिसात येत. ठेंगणे, दाढी मेंदीनं रंगवलेली, तळहात इतके खरखरीत की ट्रेसिंग पेपर हातात घेतला की आवाज व्हायचा. ते दारात दिसले की नाना खुर्चीवरून उठून उभे राहत. साहेब आले तरी नाना उठत नसत, हातातली रेघ पुरी करत. मिस्त्रीसाठी मात्र उठत. मग दोघं खिडकीजवळ नकाशा पसरून अहिराणीत बोलत. निम्मं बोलणं बोटांनीच चाले.

मी लागल्याला दोन वर्षं होत आली असतील तेव्हा दोंडाईच्याजवळच्या एका गावात सभागृहाचं काम निघालं. नकाशा नानांचा. खाली सही अर्थात साहेबांची, तशी रीतच होती. बांधणार इस्माईल मिस्त्री. समोर साडेसहा फूट पुढे आलेला मोठा छज्जा होता, खांबांशिवायचा, गावातल्या लोकांना उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून नानांनी मुद्दाम वाढवलेला.

अशा छज्ज्यात लोखंडी सळया वरच्या बाजूला असाव्या लागतात. बाहेर आलेला भाग खाली वाकू बघतो, आणि त्याला वरच्या सळयाच मागे धरून ठेवतात. सळया बांधून झाल्यावर त्यांच्यावरून मजूर चालले, पायानं त्या दबून तळाला गेल्या, आणि तसंच काँक्रीट ओतलं, तर वरून सगळं नीट दिसतं. आत मात्र धरायला काही नसतं.

काँक्रीट टाकल्यावर दोन आठवड्यांनी खालचे टेकू आणि फळ्या काढताना तो छज्जा पडला. फळ्या गोळा करायला खाली वाकलेली गंगूबाई नावाची मजूर बाई जागच्या जागी गेली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी इस्माईल मिस्त्रींना नेलं. त्यांनी सांगितलं की, ज्या दिवशी सळया बांधल्या त्या दिवशी बायकोला दवाखान्यात न्यावं लागल्यामुळे ते दुपारभर साइटवर नव्हते. संध्याकाळी परत आले तेव्हा ऑफिसातून नाना आले होते. सळया दबल्यात का ते बघा, असं त्यांनी नानांना सांगितलं. नानांनी ठीक आहे म्हटलं, म्हणून सकाळी काँक्रीट टाकलं.

साहेबांनी लिहून दिलं की आमच्या ऑफिसातून त्या दिवशी कोणीही तिथे गेलं नव्हतं. मिस्त्रीनं परवानगी न घेता काम केलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरले होते. त्यांनी नानांना आत बोलावलं, दार अर्धं उघडंच होतं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. नाना, तुमच्या रिटायर होण्याला तीन वर्षं राहिलीत, मुलीचं लग्न ठरतंय, साइटवर रजिस्टर नव्हतं, तुमची कुठे सही नाही. तुम्ही त्या संध्याकाळी बहिणीकडे होता, बस, एवढंच. नाना बाहेर आले. टेबलावर बसले आणि त्यांनी एक रेघ ओढायला घेतली. ती संध्याकाळपर्यंत पुरी झाली नाही.

त्यानंतर आठ दिवस ते गप्प होते. दुपारी डबा घेऊन गच्चीवर जात. खेळ बंद पडला होता. अनिलनं एकदा मुद्दाम एका बँकेचा फोटो टेबलावर ठेवला, नानांनी बघितलाच नाही. मला त्यांचा राग येत होता, हे आज सांगायला हरकत नाही. मिस्त्री कोठडीत होते आणि हा माणूस पेन्सिलींना टोकं काढत बसला होता.

नवव्या दिवशी दुपारी सगळे खाली चहाला गेले तेव्हा नाना माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी एक फोटो ठेवला, त्याच्यावर भिंग ठेवलं. या वेळी काहीही झाकलं नव्हतं.

"बघा," ते म्हणाले. विचारलं काहीच नाही.

समोरच्या कोणाच्या तरी गच्चीवरून काढलेला फोटो होता. उतरतं ऊन, सभागृहाची दर्शनी बाजू, आणि मधोमध तो छज्जा. अजून काँक्रीट नसलेला, नुसत्या फळ्या आणि सळयांची जाळी. कोपऱ्यात नारिंगी तारीख. मी भिंग हलवत भिंतीपाशी आणलं. तिथे जाळी उचलून धरलेली असायला हवी होती. ती फळ्यांना टेकली होती.

मी भिंग बाजूला ठेवलं. पण ते उभेच होते.

"नाना, सळया खाली बसल्यात," मी म्हणाले.

"तुम्हाला दिसलं."

"हो."

"मला त्या दिवशी नाही दिसलं," नाना म्हणाले. "मिस्त्री म्हणाला, वर चढून बघा. मला वाटलं, उजेड जाईल. छज्ज्यावर ऊन छान आलं होतं. मी समोरच्या गच्चीवर गेलो, फोटो काढला, आणि तिथूनच हात केला, की टाका सकाळी."

मग ते म्हणाले की, रोल धुऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी छज्जा पडला. फोटो त्यांनी तेव्हापासून रोज बघितला होता.

मी विचारलं, साहेबांना दाखवला का? ते म्हणाले, साहेब जाळतील. मग त्यांनी मला विचारलं, सोबत येता का? जबाब लिहायचा असेल तर माझा हात चालणार नाही. 

आम्ही तीनच्या बसनं दोंडाईच्याला गेलो. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्यानं फोटो आधी उलटा धरला, मग सुलटा. नानांनी त्याला पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं, ही सळई, ही फळी, इथे एवढं अंतर पाहिजे होतं. अगदी एखाद्या नव्या मुलाला शिकवावं तसं. अधिकाऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं नानांकडे नीट बघितलं.

"आजोबा, हा फोटो तुमच्याविरुद्ध जातो, कळतंय ना तुम्हाला? तुमचं नाव यात कुठेच नव्हतं."

"नाव नव्हतं. काम होतं," नाना म्हणाले. "मिस्त्रीनं मला विचारलं, मी हो म्हणालो. तेवढं लिहून घ्या."

मी लिहिलं. त्यांनी वाचून पाहिलं. एके ठिकाणी मी 'घाईत' असं लिहिलं होतं. तो शब्द त्यांनी काढायला लावला. घाई नव्हती, म्हणाले.

इस्माईल मिस्त्रींना काही दिवसांत जामीन मिळाला. नानांचं टेबल त्याआधीच आवरलं गेलं होतं. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलंही नाही, फक्त एका सकाळी ते तिरकं टेबल भिंतीला उभं करून ठेवलेलं होतं. नानांनी पेन्सिली, ब्लेड, भिंग आणि फोटो एका पिशवीत घातले. आमच्याकडे बघून मान हलवली आणि जिना उतरले. मी आणखी चार महिने तिथे काम केलं, मग जळगावला परत आले.

पण त्या चार महिन्यांतली एक गोष्ट सांगायची राहिली.

गंगूबाईची मुलगी त्याच गावात राहायची. नानांना तिला भेटायचं होतं आणि एकट्यानं जायचं धाडस होत नव्हतं. बाईमाणूस सोबत असलं तर तिला बोलता येईल, असं म्हणून त्यांनी मला निरोप पाठवला. एका रविवारी गेलो. मुलगी माझ्याच वयाची, कडेवर लेकरू. तिनं आम्हाला ओट्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं. नानांनी आपण कोण ते सांगितलं, नकाशा कोणाचा, हो कोण म्हणालं, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आते कसाले उनात?"

आता कशाला आलात. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. नानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.  लेकरू नानांच्या खिशातल्या पेन्सिलीकडे हात करत होतं.

मग तिनंच विचारलं. तिला कोणीतरी सांगितलं होतं की हे बांधकामाचे फोटो काढतात. म्हणाली, "मन्ही मायना एखादा फोटो शे का तुमनाजोडे? आमनाजोडे एकबी नही."

आईचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. नाना हो म्हणाले. त्या कामाचे त्यांनी वीस-बावीस फोटो काढले होते, पायापासून छज्ज्यापर्यंत.

परत आल्यावर त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस नाना ते फोटो बघत होते. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, खाली सतरंजीवर ओळीनं मांडलेले सगळे फोटो. पाया, जोतं, भिंती, खिडक्या. एकाही फोटोत माणूस नव्हता. प्रत्येक वेळी त्यांनी सगळ्यांना सरकायला सांगितलं होतं.

"मीच बाजूला केली तिला," नाना म्हणाले. "बावीस वेळा."

शेवटी एक सापडला. भिंती खिडकीच्या उंचीला आल्या होत्या तेव्हाचा. उजव्या कडेला, चौकटीतून बाहेर पडता पडता एक बाई. डोक्यावर घमेलं, पाठ आपल्याकडे, एक पाय उचललेला. सरका म्हटल्यावर सरकताना ती फोटोत राहून गेली होती. चेहरा नाहीच.

नानांनी स्टुडिओत तेवढा भाग मोठा करून घेतला. अस्पष्ट झाला होता. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी तो कागदातून काढून तिच्या हातात दिला आणि खाली बघत म्हणाले, तोंड दिसत नाही, माफ कर.

मुलीनं तो उजेडाकडे धरला. म्हणाली, "मायच शे." चालताना तिची डावी टाच अशीच बाहेर पडायची, म्हणाली. मग आत गेली. आम्हाला जरा वेळानं कळलं की ती आता बाहेर येणार नाही, आणि आम्ही उठलो.

खटला पाच वर्षं चालला. तोवर माझं लग्न झालं होतं, जळगावात मी स्वतःची छोटी कामं घ्यायला लागले होते. निकालाच्या दिवशी धुळ्याला गेले. नानांनी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला होता, तरी इतरांसाठी काम चालूच राहिलं होतं. मिस्त्री निर्दोष सुटले. नानांना निष्काळजीपणाबद्दल दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं, एवढंच.

वकील म्हणाले, सुटलात. नाना बाकावर जाऊन बसले. इस्माईल मिस्त्री मोकळे झाले होते, त्यांना बाहेर मुलं घ्यायला आली होती. त्यांनी मुलांना हातानं थांबायची खूण केली आणि येऊन नानांच्या शेजारी बसले. दुपारभर दुसऱ्यांची कामं पुकारली जात होती, शेताच्या बांधाची, पोटगीची, चेकची. हे दोघं शेजारी शेजारी, हात मांड्यांवर ठेवून.  पावणेसहाच्या सुमाराला न्यायाधीश उठून गेले. शिपायानं पंखे बंद केले.

"चला नाना," मिस्त्री म्हणाले. "झालं."

"तुम्ही व्हा पुढे," नाना म्हणाले. "मी बसतो थोडं."

मिस्त्री पुढे झाले नाहीत. शिपाई किल्ल्या हातात घेऊन दारात उभा होता.  अंधार पडायला लागल्यावर दोघं मिळूनच उठले.

पुढे नाना घरीच नकाशे काढून देत, गरीबगुरिबांच्या दोन-दोन खोल्यांचे. मुलीच्या लग्नानंतर काही वर्षांनी बायको गेली आणि ते जळगावला मुलीकडे राहायला आले. हे मला उशिरा कळलं. ते गेल्याचंही उशिराच कळलं. शेवटचं मी त्यांना पाहिलं ते त्याच्या साधारण दीड वर्ष आधी, आणि तेही योगायोगानं.

माझ्या घरासमोरच्या प्लॉटवर बंगल्याचं काम चाललं होतं. त्या दिवशी सकाळपासून स्लॅब टाकत होते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समोर शिडीवरून एक उंच म्हातारा एकेक पायरी चढत वर येताना दिसला. पांढरा शर्ट, अर्ध्या बाह्या. प्रत्येक पायरीवर थांबत होता. मजुरांपैकी कोणीच त्याला अडवलं नाही, एकानं वरून हात दिला. मला संध्याकाळी तिथल्या मुकादमानं सांगितलं की, हे बाबा या भागात कुठेही स्लॅब असला की येतात. कोणाला त्रास देत नाहीत. फक्त छज्जा बघतात.

वर आल्यावर ते सळयांवर पाय न ठेवता टाकलेल्या फळीवरून छज्ज्याच्या मुळापाशी गेले. गुडघ्यावर बसायला त्यांना वेळ लागला. सळईखाली एक बोट घातलं, मग दोन बोटं. थोडं सरकले, पुन्हा दोन बोटं. असं करत टोकापर्यंत गेले. एका ठिकाणी थांबले आणि मुकादमाला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं, पोरांना हाक मारली. त्यांनी सळई उचलून खाली लोखंडाचा तुकडा दिला. नानांनी पुन्हा दोन बोटं घालून पाहिली. मग ते उठले आणि फळीवरच उभे राहिले. उन्हाचा कडाका होता. छज्ज्यावर शेवटचं घमेलं ओतलं जाईपर्यंत ते हलले नाहीत.

खाली उतरल्यावर त्यांनी पिंपातल्या पाण्यानं हात धुतले, रुमालानं पुसले. मी पायात चप्पल सरकवून जिना उतरले, पण फाटकापाशी पोचले तोवर ते गल्लीच्या टोकाला गेले होते. हाक ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. मी मारली नाही. पलीकडच्या रस्त्यावर कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर फिरत असल्याचा आवाज येत होता, आणि ते कोपऱ्यावर क्षणभर थांबून, कान देऊन, त्या बाजूला वळले.